भांग फुलते रात्र मोजून

२१ जून हा उत्तर गोलार्धातील वर्षातला सर्वांत मोठा दिवस. त्यानंतर दक्षिणायन सुरू होते आणि दिवस हळूहळू आखडू लागतो. शहरात राहणाऱ्या आपल्याला हा बदल दिवाळी तोंडावर येईपर्यंत जाणवतही नाही. पावसाळी ढगांआड सूर्य कधी उगवला आणि कधी मावळला, याची दखल घ्यायला कोणाला सवड असते? कुमाऊंच्या डोंगरउतारावर पुरुषभर उंच वाढलेले भांगेचे रोप मात्र ही दखल नेमकी घेते. ऑगस्ट सरत आला की त्याची सरळसोट वाढ मंदावते, पानांच्या बेचक्यांत बारीक कळ्या गर्दी करू लागतात आणि थोड्याच दिवसांत शेंड्यांवर फुलोरा धरतो. पाऊस लवकर आला किंवा उशिरा आला, तरी या वेळापत्रकात फारसा फरक पडत नाही.

वनस्पतीला महिना कसा कळतो, हा प्रश्न वरवर केवळ कुतूहलाचा वाटेल. परंतु भांगेच्या बाबतीत त्याच्या उत्तराशी शेतकऱ्याचे उत्पन्न, बियाण्याची निवड आणि चक्क कायद्याची व्याख्या निगडित आहे. म्हणूनच हे उत्तर थोडे सविस्तर समजून घेण्याजोगे आहे.

एक वनस्पती, अनेक नावे

भांग, गांजा आणि चरस ही तीन वेगवेगळी झाडे नव्हेत. 'कॅनाबिस सटायव्हा' या एकाच वनस्पतीची ती निरनिराळी रूपे आहेत. पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि त्या फुलोऱ्यावरची राळ म्हणजे चरस. हीच वनस्पती धाग्यासाठी आणि बियांसाठी लावली की तिला 'हेम्प' म्हणतात. आपल्याकडचे ताग आणि अंबाडी यांनाही इंग्रजीत 'हेम्प' हा शब्द जोडला जातो, त्यामुळे गोंधळ होतो. प्रत्यक्षात त्या अगदी वेगळ्या कुळांतील वनस्पती आहेत. अंबाडीच्या शास्त्रीय नावात 'कॅनाबिनस' हा शब्द आहे खरा, पण तो केवळ पानांच्या साधर्म्यामुळे.

भांग ही वर्षायू वनस्पती आहे. बी रुजण्यापासून नवे बी धरण्यापर्यंतचा सारा संसार तिला एकाच हंगामात उरकावा लागतो. तिची नर आणि मादी झाडे साधारणतः वेगळी असतात. परागीकरण वाऱ्यामार्फत होते. नर झाडे थोडी आधी फुलतात आणि पराग उधळून झाले की वाळून जातात. मादी झाडे बी पिकेपर्यंत उभी राहतात. या व्यवस्थेत सर्व झाडांनी जवळपास एकाच वेळी फुलणे अत्यावश्यक ठरते. एखादे झाड महिनाभर आधी फुलले, तर त्याला जोडीदार मिळणार नाही. उशिरा फुलले, तर बी पिकण्याआधीच डोंगरातली थंडी त्याला गाठेल. तेव्हा सगळ्यांनी मिळून पाळायचे एखादे भरवशाचे घड्याळ हवे. पावसाचा नेम नाही आणि तापमानही दरवर्षी वरखाली होते. दिवस आणि रात्र यांची लांबी मात्र विशिष्ट ठिकाणी विशिष्ट तारखेला दरवर्षी तीच असते. उत्क्रांतीच्या ओघात भांगेने हेच घड्याळ पत्करले.

पॅरिसमधील प्रयोग

ही गोष्ट प्रथम ध्यानात आली तीही भांगेमुळेच. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये ज्युलियन टुर्नुआ हा तरुण संशोधक हॉप्स आणि भांग या एकमेकांच्या नात्यातील वनस्पतींचा अभ्यास करत होता. हिवाळ्यात काचगृहात पेरलेली रोपे अगदी लहान असतानाच फुलतात, हे पाहून तो चकित झाला. बाहेर उन्हाळ्यात तीच रोपे मोठी होऊन मगच फुलत. उष्णता, ओलावा आणि अन्नपुरवठा यांपैकी कशानेही हा फरक उलगडेना. मग त्याने रोपांना मिळणाऱ्या उजेडाचे तास कमी केले आणि भांग लवकर फुलली. १९१२ ते १९१४ या काळात प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्याने याची कारणमीमांसा मांडली. दिवस लहान होण्यापेक्षा रात्र मोठी होण्याला अधिक महत्त्व असावे, इथवर त्याचा तर्क पोहोचला होता. त्याच सुमारास पहिले महायुद्ध पेटले आणि टुर्नुआ रणांगणावर मारला गेला. त्याचे काम अर्धवटच राहिले.

पुढचा टप्पा अमेरिकेत गाठला गेला आणि निमित्त झाले तंबाखूचे. 'मेरिलँड मॅमथ' नावाचा तंबाखूचा एक वाण उन्हाळ्यात नुसताच वाढत राही. त्याला पाने भरपूर येत, पण फूल येत नसे. हिवाळ्यात काचगृहात मात्र तो फुलत असे. अमेरिकी कृषी खात्यातील गार्नर आणि अ‍ॅलार्ड या शास्त्रज्ञांनी १९१८ च्या उन्हाळ्यात ही झाडे रोज दुपारनंतर एका अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवण्यास सुरुवात केली. दिवस असा कृत्रिमरीत्या आखूड करताच तंबाखू भर उन्हाळ्यात फुलला. १९२० मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवस-रात्रीच्या लांबीला वनस्पती देत असलेल्या या प्रतिसादाला इंग्रजीत 'फोटोपिरिऑडिझम' हे नाव त्यांनीच दिले. मराठीत त्याला दीप्तिकालिता म्हणतात. दिवस आखडल्यावर फुलणाऱ्या भांग, शेवंती आणि भात यांसारख्या वनस्पती 'लघुदिन' ठरल्या. गहू आणि पालक यांसारख्या, दिवस वाढल्यावर फुलोऱ्यावर येणाऱ्या वनस्पती 'दीर्घदिन' ठरल्या. ज्यांना दिवसाच्या लांबीशी कर्तव्यच नाही, त्या 'दिननिरपेक्ष'.

मोजमाप अंधाराचे

मृत टुर्नुआचा तर्क खरा ठरला तो १९३८ मध्ये. हॅमनर आणि बॉनर या अमेरिकी संशोधकांनी झँथियम या काटेरी फळांच्या तणावर प्रयोग केले. दिवसाच्या मध्यावर रोपांना थोडा वेळ अंधारात ठेवले, तर काहीच फरक पडत नसे. मोठ्या रात्रीच्या मध्यावर मात्र काही मिनिटे दिवा लावला, तरी फुलोरा थांबत असे. याचा अर्थ स्पष्ट होता. वनस्पती दिवस मोजत नव्हती, तर अखंड अंधाराचे तास मोजत होती. 'लघुदिन' हे नाव रूढ झाले असले तरी या वनस्पतींना 'दीर्घरात्र' म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

अंधार मोजण्यासाठी आधी उजेड केव्हा संपला हे कळायला हवे. ते काम पानांतील फायटोक्रोम हे रंगद्रव्य करते. अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथील शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये त्याचा प्रत्यक्ष छडा लावला. या द्रव्याची दोन रूपे असतात. सूर्यप्रकाशातील लाल किरणांनी ते क्रियाशील रूपात जाते. दूर-लाल किरणांनी किंवा दीर्घ अंधारात ते पुन्हा निष्क्रिय रूपाकडे वळते. काही काळ असे वाटत होते, की वाळूच्या घड्याळाप्रमाणे हे द्रव्यच वेळ मोजत असावे. पुढे कळले की खरे घड्याळ निराळे आहे. प्रत्येक पेशीत सुमारे चोवीस तासांच्या लयीत चालणारी जनुकांची एक साखळी असते. अर्व्हिन ब्युनिंग या जर्मन शास्त्रज्ञाने १९३६ मध्येच अशा अंतर्गत लयीची कल्पना मांडली होती. फायटोक्रोम उजेडाची वर्दी देते आणि घड्याळ त्या वर्दीची वेळ नोंदवते. ठरावीक प्रहरी अंधार असेल, तर फुलोऱ्याची आज्ञा सुटते.

ही आज्ञा पानातून शेंड्याकडे जाते. सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल चायलाख्यान याने १९३० च्या दशकात शेवंतीवर प्रयोग करून हे दाखवले. रात्रीची लांबी ओळखतात पाने, पण फुलतो शेंडा. तेव्हा या दोहोंत एखादा निरोप्या असला पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद होता. त्या निरोप्याला त्याने 'फ्लोरिजेन' हे नाव दिले. तो निरोप्या हाती लागायला पुढे सत्तर वर्षे जावी लागली. पानात तयार होऊन रसवाहिन्यांतून शेंड्यापर्यंत जाणारे एक प्रथिन हेच फ्लोरिजेन होय, हे २००७ मध्ये मोहरीच्या कुळातील एका लहानशा रोपावर आणि भातावर झालेल्या संशोधनातून सिद्ध झाले.

भांगेच्या बाबतीत अलीकडे आणखी एक बारकावा पुढे आला आहे. इस्रायलमधील संशोधकांनी २०१९ मध्ये असे दाखवले, की रोप पुरेसे मोठे झाले म्हणजे मोठ्या दिवसांतही त्याच्या बेचक्यांत एकेकटी फुले येऊ लागतात. रात्र मोठी झाल्यावर होते ते इतकेच, की फांद्या आखडून, दाटीवाटीने फुटून त्यांचा भरगच्च तुरा बनतो. फूल येणे हे रोपाच्या वयाचे लक्षण म्हणायचे आणि फुलोरा येणे हे ऋतूचे. कोवळ्या रोपाला मोठी रात्र दाखवली तरी ते लगेच फुलत नाही. आधी काही आठवडे वाढीचे जावे लागतात.

अक्षांशाचा हिशोब

आता प्रश्न उरतो, नेमकी किती मोठी रात्र? याचे एकच उत्तर नाही आणि खरी मेख इथेच आहे. वाणागणिक ही मर्यादा बदलते. दिवसाच्या भाषेत सांगायचे, तर काही वाण दिवस चौदा-पंधरा तासांच्या खाली आला की फुलोऱ्याला लागतात, तर काही बारा तासांच्या आसपास येईपर्यंत थांबतात. प्रत्येक वाणाची मर्यादा त्याचे पूर्वज ज्या अक्षांशावर पिढ्यान्‌पिढ्या वाढले, तिथल्या सूर्याशी जुळलेली असते.

तीन गावांचे उदाहरण घेऊ. पॅरिसला वर्षातला सर्वांत मोठा दिवस सुमारे सोळा तासांचा असतो, अल्मोड्याला सुमारे चौदा तासांचा आणि मुंबईला सुमारे सव्वातेरा तासांचा. समजा, एखादा युरोपीय वाण दिवस चौदा तासांहून लहान होताच फुलतो. पॅरिसच्या शेतात तो वसंतात पेरला, तर त्याला ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत वाढायला मोकळीक मिळते. तोपर्यंत तो माणसाच्या डोक्यावर जातो आणि मग फुलतो. तोच वाण अल्मोड्यात लावला, तर तिथे दिवस जेमतेम चौदा तासांना शिवतो आणि लगेच मागे फिरतो. मुंबईच्या अक्षांशावर तर तो चौदा तास कधी गाठतच नाही. परिणामी बी रुजून रोप जरा सावरते न सावरते तोच त्याला 'रात्र मोठी झाली' असा निरोप मिळतो. ढोपराएवढ्या रोपाला फुलोरा येतो आणि ना धड धागा मिळतो, ना धड बी.

उलट दिशेचा प्रवासही तितकाच फसवा असतो. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांत दिवस बाराही महिने बारा तासांच्या आगेमागेच असतो. तिथल्या भांगेला फुलण्यासाठी दिवस बराच आखडावा लागतो आणि तिचा वाढीचा काळही लांब असतो. ती उत्तर युरोपात नेली, तर शरद ऋतू सरत आला तरी ती वाढतच राहते आणि फुलोरा पिकण्याआधीच हिम पडते. या साऱ्याला अपवाद आहे तो 'रुडरॅलिस' या प्रकाराचा. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ यानिशेव्हस्की याने १९२४ मध्ये त्याचे वर्णन केले. अत्यंत छोट्या उन्हाळ्यात वाढणाऱ्या या खुज्या भांगेने रात्र मोजण्याचा नाद सोडून दिला आहे. ती केवळ वयाच्या हिशोबाने फुलते.

कायदाही फुलोऱ्यापाशी थांबतो

भांगेच्या राळग्रंथी सर्वाधिक असतात त्या मादी फुलोऱ्यावर. नशा आणणारे टीएचसी हे द्रव्य प्रामुख्याने याच ग्रंथींत साठते. म्हणून १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने, म्हणजे 'एनडीपीएस' कायद्याने, गांजाची व्याख्या केली ती फुलोरा किंवा फळे धरलेले शेंडे अशी. शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. भांगेची लागवड मात्र परवान्याशिवाय कोठेही करता येत नाही. तसे केल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हिमाचल प्रदेशात रानभांग उपटून टाकण्याच्या सरकारी मोहिमा पावसाळ्यात, फुलोरा पिकण्यापूर्वी काढल्या जातात, त्यामागेही हेच वेळापत्रक आहे.

याच कायद्याने धागा, बी आणि बागायतीसाठी लागवडीस परवानगी देण्याचा अधिकार सरकारला दिला आहे. त्याचा आधार घेऊन उत्तराखंडाने २०१८ मध्ये औद्योगिक हेम्पच्या लागवडीस परवाना दिला. देशात असे पाऊल प्रथमच उचलले गेले. अट अशी, की पिकातील टीएचसी ०.३ टक्क्यांहून अधिक असता कामा नये. २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने भांगेचे बी, त्याचे तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. कुमाऊंतील घराघरांत या बियांची चटणी पूर्वापार वाटली जाते. कायद्याची मान्यता तिला मागाहून मिळाली, इतकेच.

परवाना मिळाल्याने प्रश्न मात्र सुटत नाही. डोंगरातली स्थानिक भांग तिथल्या सूर्याशी उत्तम जुळलेली आहे, पण तिच्यातील टीएचसी सहसा ०.३ टक्क्यांच्या मर्यादेत बसत नाही. युरोपातील प्रमाणित वाण ही मर्यादा पाळतात, पण त्यांचे घड्याळ पॅरिसच्या वा त्याहून उत्तरेकडच्या उन्हाळ्याला लावलेले असते. कायद्याला चालणारे बी मातीला चालत नाही आणि मातीला चालणारे कायद्याला चालत नाही, अशी ही कोंडी आहे.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातले गेन्सव्हिल हे शहर जवळपास अल्मोड्याच्याच अक्षांशावर आहे. २०१८ च्या अमेरिकी कृषी कायद्याने हेम्पला मोकळीक दिल्यानंतर तिथल्या विद्यापीठाने निरनिराळ्या वाणांच्या चाचण्या घेतल्या. उत्तरेकडून आणलेले बरेच वाण तिथे वेळेआधीच फुलले आणि खुजे राहिले. तुलनेने उजवे ठरले ते चीनच्या दक्षिण भागातून आलेले वाण. तिथेही टीएचसीची मर्यादा ०.३ टक्केच आहे. फुलोरा जसजसा पिकतो, तसतसे हे प्रमाण चढत जाते. त्यामुळे फुलोरा केव्हा धरला आणि कापणी केव्हा झाली, यावर पीक वैध की अवैध हे ठरते. मर्यादा ओलांडलेले पीक शेतकऱ्याला आहे तसे बाजारात नेता येत नाही.

उत्तराखंडाला आणि त्याच्यामागून या वाटेने निघालेल्या राज्यांना यातून घेण्यासारखा धडा सरळ आहे. परदेशी बियाण्याच्या पाकिटावर टीएचसीचा आकडा पाहून भागणार नाही, ते कोणत्या अक्षांशावरचे आहे हेही पाहावे लागेल. टिकाऊ उत्तर एकच आहे. स्थानिक भांगेचे घड्याळ आणि कमी टीएचसीचा गुणधर्म एकाच वाणात आणणे. हे काम संशोधन संस्थांचे आहे, त्याला अनेक हंगाम लागतात आणि घाई करून ते उरकता येत नाही.

आपल्या शेतातील घड्याळे

महाराष्ट्रातील वाचकाला हे सारे दूरचे वाटू नये. हाच नियम आपल्या शिवारातही चालतो. तुरीचे पारंपरिक वाण पेरणी थोडी पुढेमागे झाली तरी थंडीच्या तोंडावरच फुलोऱ्यावर येतात. पेरणीला उशीर झाला, तर झाड फक्त खुजे राहते. हरितगृहातील शेवंतीला सणासुदीच्या बेताने फुलवण्यासाठी रात्री दिवे लावून फुलोरा लांबवतात आणि हवा तेव्हा काळ्या कापडाने अंधार करून तो आणतात. हरित क्रांतीच्या गव्हाचे आणि भाताचे एक मोठे वैशिष्ट्य हेच होते, की त्या वाणांना दिवसाच्या लांबीशी फारसे देणेघेणे नव्हते. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोतील दोन भिन्न अक्षांशांवर आळीपाळीने गहू वाढवून ही निवड साधली होती. म्हणूनच तो गहू थेट पंजाबात रुजू शकला. भांगेवर अशी मेहनत अजून फारशी झालेली नाही.

शहरी उजेडाचाही या घड्याळाशी संबंध येतो. रस्त्यावरच्या दिव्यांच्या झोतात आलेले सोयाबीन शेजारच्या ओळी पिवळ्या पडल्या तरी हिरवेच राहते, कारण त्याच्या लेखी रात्र झालेलीच नसते. रात्र उजळून टाकताना आपण कोणाकोणाचे पंचांग बिघडवतो, याचा विचार नगरनियोजनात क्वचितच होतो.

हवामानबदलाच्या काळात तर हा मुद्दा अधिकच टोकदार होतो. तापमान वाढेल आणि पाऊस सरकेल, परंतु २१ जूनचा दिवस अल्मोड्यात सुमारे चौदा तासांचाच राहील. रात्रीवर विसंबणारी वनस्पती जुन्याच तारखेला फुलेल, मग त्या तारखेला भोवतालचा ऋतू पूर्वीचा असो वा नसो. तिचे घड्याळ बिनचूक असले तरी ते ज्या ऋतूसाठी लावले होते, तो ऋतूच जागेवरून हलू लागला आहे. नवे वाण घडवणाऱ्यांना आणि शेतीचे धोरण आखणाऱ्यांना यापुढे हे दोन्ही हिशोब एकत्र मांडावे लागतील.